बॅटरी गेली म्हणण्याआधी

भाद्रपद तोंडावर आला की देवबागातली बंद घरं उघडतात. चाकरमानी यायचे असतात, होमस्टेच्या खोल्या पुसायच्या असतात, आणि नेमकी वीज जाते. इन्व्हर्टर दोन मिनिटं पंखा फिरवतो, कुईं करतो आणि गप्प होतो. वीज परत आली तरी बॅटरी भरत नाही. घरातलं कोणीतरी निकाल देऊन टाकतं, "बॅटरी गेली वाटता!" आणि नव्या बॅटरीचा खर्च मांडला जातो.

एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, अशा या चिंचोळ्या पट्टीवर खारा वारा कोणत्याही धातूला सोडत नाही. त्यामुळे बॅटरी धडधाकट, पण तिच्यापर्यंत वीजच पोचत नाही, असं होऊ शकतं. म्हणून शोध भिंतीतल्या प्लगपासून सुरू करायचा आणि बॅटरीपाशी संपवायचा. उलट नाही.

साहित्य

डिजिटल मल्टिमीटर, हायड्रोमीटर, पाने, जुना टूथब्रश, खायचा सोडा, डिस्टिल्ड वॉटर, पेट्रोलियम जेली, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा.

आधी सावधगिरी

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. दारं-खिडक्या उघडा, जवळ विडी, अगरबत्ती, समई नको. अंगठी, बांगड्या, साखळी काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण पाना दोन्ही टर्मिनलना एकदम टेकला तर मोठी ठिणगी उडते. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धूत राहा; डोळ्यात गेलं तर धुऊन लगेच डॉक्टरकडे जा.

कृती

१. प्लगमधला व्होल्टेज पाहा. मल्टिमीटर एसीवर ठेवून मोजा. २३० च्या आसपास हवा. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो. यूपीएसवर बहुतेक इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खालची वीज घेतच नाहीत. घरात दिवे मिणमिणत असतात आणि बॅटरी भरण्याऐवजी उपसली जाते. लाइनच्या टोकाला असलेल्या घरांनी ही मोजणी संध्याकाळी, सगळ्यांचे एसी-पंप चालू असताना करावी. व्होल्टेज पडत असेल तर खटका नॉर्मलवर करा आणि महावितरणकडे तक्रार द्या.

२. फ्यूज आणि एमसीबी तपासा. पडलेला एमसीबी एकदाच वर करा. लगेच पुन्हा पडला तर हात आखडा. दोष आत आहे.

३. बॅटरीवर मोजा. मीटर डीसीवर घ्या. वीज चालू असताना १२ व्होल्टच्या बॅटरीवर आकडा हळूहळू चढत १३.५ ते १४.४ कडे गेला पाहिजे. (दोन बॅटऱ्यांची जोडणी २४ व्होल्टची असेल तर दुप्पट धरा.) अर्ध्या तासात काहीच हललं नाही तर चार्ज पोचत नाही.

४. वाट कुठे अडते ते शोधा. चार्जिंग चालू ठेवूनच मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरी त्यावरच्या क्लॅम्पवर टेकवा. आकडा शून्याजवळ हवा. पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर चोर सापडला: मधला गंज. लाल आणि काळी, दोन्ही बाजू तपासा.

५. टर्मिनल साफ करा. इन्व्हर्टर बंद, प्लग काढलेला. आधी काळी वायर सोडवा, मग लाल. बॅटरीची झाकणं घट्ट आहेत ना पाहा, कारण सोडा आत गेला तर ॲसिड मारतो. सोड्याचं पाणी घालून पांढरी-हिरवी बुरशी ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने पुसा, कोरडं करा. वायर सोलून पाहा; तांबं आतपर्यंत काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवा लग बसवून घ्या. जोडताना आधी लाल, मग काळी. आवळल्यानंतरच वरून पेट्रोलियम जेली लावा.

६. पाणी पाहा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. खुणेपर्यंतचं पाणी चार्ज झाल्यावर. विहिरीचं पाणी कितीही गोड लागलं तरी त्यात क्षार असतातच. पन्हळीचं आणि एसीचं पाणीही नको. ॲसिड तर मुळीच घालू नका.

७. फार उतरलेली बॅटरी. पावसाळाभर बंद घरात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते आणि प्लेटांवर सल्फेट बसतं. आकडा १० च्या खाली असेल तर काही इन्व्हर्टर तिला ओळखतच नाहीत. अशी बॅटरी मालवणात बॅटरीवाल्याकडे सावकाश चार्जिंगला द्या. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण १५ अँपिअर पुरे. घाई केली तर ती तापते.

८. शेवटी हायड्रोमीटर. पूर्ण चार्ज झाल्यावर सहाही सेल तपासा. ट्यूब्युलर बॅटरीत १.२२० ते १.२५० च्या आसपास आकडा ठीक. पाच सेल बरे आणि एक ०.०५० किंवा त्याहून जास्त खाली असेल तर तो सेल संपला. आता खुशाल म्हणा, बॅटरी गेली.

९. बॅटरी चांगली, वाट मोकळी, तरी चार्ज नाही? मग इन्व्हर्टरचा चार्जिंग भाग बिघडला. डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

कॅरव्हॅन घेऊन आलेल्यांसाठी

गाडीतल्या राहत्या भागाच्या बॅटरीलाही हाच क्रम लागू. फक्त वाटा तीन असतात: प्लग, सोलर आणि इंजिन. इंजिन सुरू करून दोन्ही बॅटऱ्या मोजा. इंजिनाची १४ वर गेली आणि राहत्या भागाची जागची हलली नाही, तर दोघींमधला फ्यूज, रिले किंवा वायर पाहा. लिथियम बॅटरी असेल तर पाण्याच्या आणि हायड्रोमीटरच्या पायऱ्या सोडा.

पुढच्या पावसाआधी

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने किनाऱ्यावरचे विजेचे खांब आडवे केले. अशा अंधारात इन्व्हर्टर बंद पडेपर्यंत ओढू नका, आणि वीज आली की आधी बॅटरी पूर्ण भरू द्या. दर दोन-तीन महिन्यांनी पाणी आणि टर्मिनल पाहा. पावसात घर बंद ठेवणार असाल तर पंधरवड्यातून एकदा शेजाऱ्यांकडून दिवसभर चार्जिंग चालू करून घ्या.

आणि आजचे आकडे, व्होल्टेज आणि सहा सेलचे, इन्व्हर्टरवरच्या चिठ्ठीत तारखेसह लिहा. पुढच्या गणपतीला कोणी "गेली" म्हटलंच, तर आधी ती चिठ्ठी त्याच्या हातात द्या.