नेकमागचा घासलेला नंबर

मिरज

चि. गार्गी,

काल रात्री ताईचा फोन आला. आधी तुझ्या बाबांच्या शुगरबद्दल बोलली, मग इकडच्या पावसाची चौकशी केली आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाली, "पोरीनं नव्वद हजारांचं गिटार घेतलंय, आणि तिच्याच बँडमधला तो ड्रमवाला म्हणतोय की ते चोरीचं आहे." गिटार नव्हे, बास, हे मी तिला सांगत बसलो नाही. मी बास वाजवायचो तेव्हा आमच्या अण्णांनाही ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तू आपल्या ओंकारला पाठवलेले फोटो मी मागून घेतले आणि मोठे करकरून पाहिले. बास देखणा आहे, यात वाद नाही. पण नेक जिथे बॉडीला मिळते तिथे, मागच्या बाजूला, लाकूड घासलेलं आहे. बोटभर लांबीचा पट्टा, पॉलिश गेलेलं आणि कडा अगदी सरळ. विकणारा म्हणाला, घामानं गेलं. आणि तू ते ऐकून घेतलंस? घाम खातो तो अंगठा फिरतो तिथलं पॉलिश, खालच्या सात-आठ फ्रेटांच्या मागचं. त्या टोकाला अंगठा जातो कितीदा? आणि घाम काय पट्टी लावून खातो? तिथे पॉलिश पेपर फिरलाय, गार्गी. तिथे काय लिहिलं होतं आणि ते कोणाला नको होतं, एवढं एकच मला रात्रभर छळत होतं.

विकणारा म्हणतो, १९७८चा अमेरिकन फेंडर जॅझ बास. हे तर फोटोवरूनच खोटं ठरतं. १९७६ साली फेंडरनं नंबर नेकमागच्या पत्र्यावरून उचलून हेडस्टॉकवर नेला, आणि ७८च्या नंबराआधी 'एस' असायचा. तुझ्या हेडस्टॉकवर नुसतं नाव आहे. शिवाय त्या वर्षांत अमेरिकेत जॅझ बासची नेक तीन बोल्टांवर बसवत. तुझ्या पत्र्याला चार स्क्रू आहेत. पत्रा बदलता येतो म्हणशील. लाकडातली भोकं कशी बदलणार? नावाचं म्हणशील, तर त्या नावाचे स्टिकर बाजारात सुटे मिळतात, नंबर ठोकलेले पत्रेही मिळतात. पैसे मोजण्याआधी एक फोटो मला टाकला असतास तर काय बिघडलं असतं? मामा म्हातारा झाला, त्याला फक्त तंबोरे कळतात, असंच ना?

माझ्या अंदाजानं तो जपानचा आहे. फेंडर जपान १९८२ मध्ये सुरू झाली आणि सुरुवातीची वाद्यं मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात होत. त्या काळात अमेरिकेतली फेंडर सीबीएस या प्रसारण कंपनीच्या मालकीची होती. लिओ फेंडरनं ती १९६५ मध्येच विकली होती, आणि नंतर मालाची प्रत अशी घसरली की जपानी नकलाच बऱ्या वाटायला लागल्या. मग कंपनीनं शहाणपणा करून त्याच लोकांकडून आपल्या नावानं वाद्यं बनवून घेतली. ऐंशीच्या दशकातल्या अशा बासांवर नंबर आणि 'मेड इन जपान' ही अक्षरं बऱ्याचदा नेमकी तिथेच असत, तुझं लाकूड घासलंय तिथे. कोणी लबाडानं 'जपान' पुसून 'अमेरिका' म्हणत भाव चढवला असेल, तर फसलीस खरी, पण सोसता येईल. चांगला बास जरा महाग पडला म्हणायचं. माझी भीती ती नाहीच. पुसायचं होतं ते 'जपान' नव्हे, नंबरच पुसायचा होता, असं असेल तर?

बँकेत जन्म गेला माझा, म्हणून सांगतो. चोरीची वस्तू माहीत असून घेतली तर गुन्हा आहेच. पण ती चोरीची आहे असं वाटायला कारण असताना घेतली, तरी भारतीय न्याय संहितेचं ३१७वं कलम लागतं. घासलेला नंबर हे कारण नाही तर काय? विकणाऱ्या मुलाकडून सहीची पावती घे, ओळखपत्राची प्रत घे. आणि त्याला बास कोणाकडून मिळाला ते नाव विचार. गोव्यात हॉटेलात वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून घेतला असं तो म्हणाला म्हणे. असेलही. जहाजांवरच्या बँडमध्ये वाजवणारे कितीतरी गोवेकर तेव्हा बाहेरच्या बंदरांतून वाद्यं आणत. इथे कस्टमपायी परदेशी बास दिसणंही मुश्किल होतं. आम्ही कलकत्त्याच्या 'गिवसन'वर दिवस काढले. पण मग त्या म्हाताऱ्याला नाव असेल, गाव असेल. ते सांगताना हा मुलगा अडखळला, तर तिथेच काय ते समज.

पॉल मॅकार्टनीच्या होफ्नरची गोष्ट तुला ठाऊक असेल. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला बास १९७२ मध्ये लंडनमध्ये व्हॅनमधून चोरीला गेला आणि ५१ वर्षांनी एका घराच्या माळ्यावरून परत आला. त्यासाठी माणसं मोहीम काढून निघाली होती. बासवादक जाको पास्टोरियसचा 'बास ऑफ डूम'ही चोरीला जाऊन वीस-एक वर्षांनी सापडला. आता मला सांग, पणजीच्या हॉटेलात जेवणाऱ्यांसमोर वाजवणाऱ्या माणसाचा बास गेला, तर कोण मोहीम काढणार? ज्याच्या हातात तो येईल त्यानंच विचारलं तर विचारलं.

तू अजून तो उघडला नसशील, तर उघडू नकोस. तुझ्या हातातला तो ओंकारचा सायकलचा स्क्रूड्रायव्हर मला माहीत आहे, स्क्रूची डोकी जातील. आधी तारा सैल करायच्या, मग चारही स्क्रू थोडे थोडे. नेक सुटली की तिच्या टोकाला आणि बॉडीतल्या खाचेत बघायचं. फेंडरवाले तिथे तारीख टाकत, आधी पेन्सिलीनं, पुढे शिक्क्यानं. मग आवाजाच्या बटणांखालच्या पॉटची पाठ. १३७ने सुरू होणारा आकडा असला तर पॉट अमेरिकेतल्या सीटीएस कंपनीचा. पुढचे दोन आकडे सालाचे, त्यापुढचे दोन आठवड्याचे. जपानी पॉट बहुतेक लहान आणि मेट्रिक मापाचे. पण पॉट उद्या कोणीही बदलू शकतो, म्हणून डाख बघायचा, जुना काळवंडलेला की कालपरवाचा चकचकीत. पॉटच्या सालावरून एवढंच कळतं की वाद्य त्याआधीचं नाही. इथे सतारमेकर गल्लीत तंबोरा दुरुस्तीला आला की जुने कारागीर नुसत्या कोरीव कामावरून तो कोणाच्या घरचा ते सांगतात. तुझ्या बासच्या बाबतीत आपल्याला स्क्रू काढूनच बघावं लागेल.

आणि खाचेत तारखेशिवाय आणखी काही लिहिलेलं असलं, तर ते नीट वाच. मी लिहिलं होतं. ऑर्केस्ट्रात होतो तेव्हा माझ्या बासच्या खाचेत पेन्सिलीनं पूर्ण नाव लिहून ठेवलं होतं, पत्ता नाही. मग कीबोर्ड आले, कीबोर्डवाला डाव्या हातानं बास वाजवायला लागला, आणि गणपतीच्या सुपाऱ्यांत आमचा माणूस कमी झाला. बँकेत लागल्यावर एका सांगलीच्या पोराला तो देऊन टाकला. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. विकल्याचं फारसं काही वाटत नाही, पण दुकानात जुना बास टांगलेला दिसला की तुझी मामी पुढे निघून जाते आणि मी तिथेच उभा. कोणी तो उघडून माझं नाव वाचलं असेल का, कोण हा म्हणून दोन मिनिटं विचार केला असेल का, असं येतं मनात.

म्हणून म्हणतो, तो गोवेकर खरा असला, तर त्याला शोधू. नंबर नसला तरी चालेल, त्या माणसाचं एक पत्र पुरे. जिवंत असला तर आपण दोघं जाऊ, गाडी मी काढतो. आणि चोरीचा निघाला तर आपण होऊन पोलिसांना सांगायचं. तुझे पैसे बुडाले तर निम्मे माझे. हे ताईला सांगू नकोस, ती मलाच ओरडेल.

जरा जास्तच बोललो वाटतं. बास घेतलास याचा मला राग नाही, हे आधी लिहायला हवं होतं. अण्णांनी मला जे ऐकवलं ते तुला कोणी ऐकवू नये, एवढं मी बघेन. शनिवारच्या गाडीनं ये. बास पाठीवर घे, सामानाच्या फळीवर ठेवू नकोस. छोटा अँपही आण, शेजाऱ्यांना मी सांगून ठेवलंय. आणि उघडण्याआधी थोडा वेळ मलाही वाजवू दे. बोटं आता आखडलीत, हसू नकोस म्हणजे झालं.

मामीनं तुझ्यासाठी लसणाची चटणी करून ठेवली आहे.

तुझा,
मामा