पर्लमधून कर्नलला हाक मारताना

चि. ओंकार,

तुझं मॉड्यूल वाचलं. प्रोसेसला वेगळी नेमस्पेस देण्यासाठी तू पर्लच्या सिसकॉल फंक्शनला २७२ हा आकडा देऊन थेट कर्नलचा अनशेअर कॉल गाठलास. तुझ्या लॅपटॉपवर ते चालतं, मान्य. पण हा आकडा ६४ बिटी इंटेल-एएमडीपुरताच. साधं गेटपीआयडी घे: तिथे ३९, ३२ बिटी इंटेलवर २०, ६४ बिटी आर्मवर १७२. कुणी तुझं मॉड्यूल आर्मवर टाकलं की भलताच कॉल जाणार.

दुसरी गोम याहून वाईट. सिसकॉल आकडा दिसला तर आकडा पाठवतं, स्ट्रिंग दिसली तर तिचा मेमरीतला पत्ता. तू फ्लॅग कमांड लाइनवरून घेतोस, म्हणजे ती स्ट्रिंगच. कर्नलच्या हाती फ्लॅगऐवजी पत्ता पडतो आणि तू ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ कुठून आलं ते शोधत बसतोस. त्यात शून्य मिळवलं की भागतं, पण अशी ठिगळं किती लावणार?

तेव्हा आधी पोझिक्स मॉड्यूल आणि सीपॅन धुंडाळ. तिथे काम भागलं नाही तर पर्लला सी जोडणारं एक्सएस लिही. सीमध्ये ग्लिबसीचं अनशेअर नावानेच बोलावता येतं, आकड्याची कटकट कंपायलर आणि ग्लिबसी बघून घेतात. सीचा थर मात्र पातळ ठेव. डोकं पर्लमध्येच चालव.

एक्सएसमध्ये परताव्याचा प्रकार इंट लिहू नकोस. अनशेअर जमलं तर ० देतं, फसलं तर -१. पर्लला ० खोटं वाटतं आणि -१ खरं. वापरणारा सवयीने ‘ऑर डाय’ लिहिणार. मग काम फत्ते झालं की प्रोग्राम मरणार आणि फसलं की खुशाल पुढे धावणार! त्याऐवजी सिसरेट लिही. त्याने -१ चं अनडेफ होतं आणि ० ची ‘झीरो बट ट्रू’ ही स्ट्रिंग. ऐकायला गंमत वाटते, पण तिला आकडा म्हणून वापरलं तरी पर्ल वॉर्निंग देत नाही; तेवढ्या एका स्ट्रिंगला खास सूट आहे.

फसल्यावर चूक सांगणारं $! लगेच बाजूला काढून ठेव, मधला एखादा कॉल ते बदलून टाकतो.

टेस्ट रूट नसतानाही चालव. परवानगीअभावी कॉल नाकारला गेला तर ती वगळ, नापास करू नकोस. आणि आर्मवर चालवून बघितल्याशिवाय सीपॅनवर चढवू नकोस.

तुझा,
मामा