🚜 *जुना छोटा ट्रॅक्टर घेताय? विसार देण्याआधी त्याचं वय तपासा*



लिंबू-डाळिंबाच्या ओळीत मोठा ट्रॅक्टर फिरत नाही, म्हणून आपले बरेच सभासद १५ ते २० एचपीचा जुना छोटा ट्रॅक्टर शोधतायत. फोनवर फोटो येतो, "२०१९ मॉडेल, घरगुती वापर, कंपनी कलर", आणि लगेच विसार दिला जातो. काष्टीच्या बाजारात बैल घेताना दात बघितल्याशिवाय आपण सौदा करत नाही. ट्रॅक्टरचे दात कुठं बघायचे, ते आज समजून घेऊ.

*१) आरसीवर दोन तारखा बघा.*
एक उत्पादनाचा महिना-साल, दुसरी नोंदणीची तारीख. समजा ट्रॅक्टर नोव्हेंबर २०१७ ला बनला, शोरूमला पडून राहिला आणि जून २०१९ ला नोंदला गेला. विकणारा २०१९ सांगणार. तुम्ही भाव २०१७ चा धरा. नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

*२) चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः जुळवा.*
जागा डिझेलच्या बोळ्यानं पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासा. उठलेला छाप आरसीशी एकेक अक्षर लावून बघा. अंक वाकडेतिकडे, ग्राइंडरचे ओरखडे किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला तर सौदा सोडा. चेसिस नंबरातलं सालाचं अक्षर कंपनीगणिक वेगळं असतं. ते त्या कंपनीच्या डीलरकडून वाचून घ्या. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवीच.

*३) स्टिकरवर जाऊ नका.*
बॉनेटचे स्टिकर बाजारात सुटे मिळतात. इंजिन बघा. महिंद्रा युवराज २१५ एका सिलिंडरचा, १५ एचपीचा. व्हीएसटी शक्ती एमटी १८०डी तीन सिलिंडरचा, १८.५ एचपीचा. आरसीवर सिलिंडरची संख्या लिहिलेली असते. स्टिकर, इंजिन आणि आरसी, तिन्ही एकच बोलले पाहिजेत.

*४) टायरवरचे चार अंक वाचा.*
२३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. टायर नवा असेल तर तो बदललाय, एवढंच कळतं. पण ट्रॅक्टर २०२१ चा आणि टायर २०१६ चा असेल तर कारण विचारा.

*५) तासाचं मीटर झिजेशी ताडून बघा.*
मीटर १,००० तास दाखवतंय, पण क्लच-ब्रेकचे पेडल गुळगुळीत, थ्री पॉइंटच्या पिना ढिल्या आणि पीटीओ शाफ्टचे दाते झिजलेले? मग मीटर बदललंय किंवा बंद होतं असं समजा. नवा रंग मारणं गुन्हा नाही, पण रंगाचे पैसे देऊ नका.

*६) कागद पूर्ण करा.*
▪️ एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून माहिती जुळवा.
▪️ आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि त्यांचा ना हरकत दाखला घ्या.
▪️ नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. विमाही स्वतःच्या नावावर करून घ्या.
▪️ परराज्यातला ट्रॅक्टर असेल तर तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखलाही लागतो.

*जुना ट्रॅक्टर विकणाऱ्यांनीही ऐका.* स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं म्हणजे सुटलो, असं नाही. आरसीवर ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणून नाव बदलल्याची खात्री झाल्याशिवाय विषय संपला असं मानू नका.

चोरीचा किंवा हप्ते थकलेला ट्रॅक्टर गळ्यात पडला तर पैसेही जातात आणि ऐन हंगामात ट्रॅक्टरही जातो. "आत्ताच विसार द्या, दुसरं गिऱ्हाईक आलंय" असं कुणी म्हटलं तर जाऊ द्या त्या गिऱ्हाइकाला.

आरसीची झेरॉक्स आणि पेन्सिलचा छाप घेऊन कार्यालयात या, बसून जुळवू. इंजिन बघायला मात्र ओळखीचा मिस्त्री सोबत न्याच.

आपला,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी, मिरजगाव