टॅबवर रोजचे काम: वऱ्हाडातील अनुभवाचे बोल

अँड्रॉइड टॅबवर रोजचे काम भागेल की नाही, हे टॅबच्या किमतीपेक्षा ते काम शेवटी कुठे जाऊन संपते यावर ठरते. अमरावती-अकोला पट्ट्यात टॅबचे आता नवल राहिलेले नाही. नागपूरच्या महाज्योती संस्थेने इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, जेईई-नीट-सीईटीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना टॅब आणि रोजचा ६ जीबी डेटा दिला. बडनेरा-अकोला अपडाउन करणारे शिक्षक, विमा प्रतिनिधी, बाजार समितीतले अडते यांनी तो पदरच्या पैशाने घेतला. वाचणे, टिपणे काढणे, एखाद्याला काही दाखवणे, हिशोबपट्टीचा फोटो काढून पाठवणे ही कामे टॅबवर सुरू होतात आणि टॅबवरच संपतात. निविदा, निकालपत्रक, छापायचा मजकूर ही कामे मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी विंडोज संगणकावर जाऊन संपतात. अडते ते याच कामांत, आणि बहुतेक वेळा मुदतीच्या शेवटच्या दिवशी.

स्वस्तातला टॅब घेण्याचा धडा देशाने एकदा घेतलेला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने ‘आकाश’ टॅब विद्यार्थ्यांसाठी आणला. ७ इंची पडदा, २५६ एमबी रॅम, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, आणि बोट दाबल्याशिवाय दाद न देणारा काच-पट. हेतू मोठा होता, पण त्या बळावर रोजचा अभ्यास ओढता येण्याजोगा नव्हता. आजही ३ किंवा ४ जीबी रॅमचा टॅब दुकानात चपळ वाटतो आणि वर्षभरात ॲप जड झाली की अडखळू लागतो. रोजच्या कामासाठी ६ जीबीच्या खाली उतरू नये. ज्या टॅबला कंपनी सुरक्षा अपडेट किती वर्षे देणार हे दुकानदाराला सांगता येत नाही, तो टॅब सोडून द्यावा. अपडेट थांबले की काही वर्षांनी बँकेची ॲप चालेनाशी होतात.

आकाराचा विचार कागदाच्या मापाने करावा. १६:१० प्रमाणाचा ११ इंची पडदा उभा धरला तर त्याची रुंदी सुमारे १४.८ सेंटिमीटर भरते, म्हणजे ए-फाइव्ह कागदाएवढी. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर. त्यामुळे शासन निर्णयाचे किंवा प्रश्नपत्रिकेचे पूर्ण पान या पडद्यावर बसवले की १२ पॉइंटचे अक्षर साडेआठ पॉइंटचे होते. इंग्रजी तेवढ्यातही वाचता येते. मराठीत मात्र अनुस्वार, रफार, जोडाक्षरातला अर्धा वर्ण यांवर ताण पडतो आणि ‘वर्ग’ की ‘वग’ अशी शंका येते. ८ इंची पडद्यावर तेच पान निम्म्या मापाचे दिसते. रोज दोन-चार तास वाचणाऱ्याने ८ इंची टॅब घेऊ नये, मग तो कितीही हलका असो. चाळिशी लागलेल्यांनी तर मुळीच नाही.

वाचनात टॅबचा खरा उपयोग जुन्या कागदांना होतो. ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतले जुने सातबारे, फेरफार स्कॅन करून ठेवलेले आहेत. शाई पसरलेली, ओळी वाकड्या, नावापुढची खूण पुसट. छापील प्रतीवर भिंग धरून जे लागत नाही, ते पडद्यावर दोन बोटांनी मोठे करून, कागद आडवा-उभा फिरवून, शेजारी अर्ध्या पडद्यावर टिपणवही उघडून लागते. अर्धा-अर्धा पडदा वाटण्याची ही सोय अँड्रॉइडमध्ये २०१६च्या सातव्या आवृत्तीपासून आहे आणि २०२२च्या १२-एल आवृत्तीनंतर ती मोठ्या पडद्यावर जास्त सुटसुटीत झाली. वाटणीच्या जमिनीचा उतारा भावाभावांत बसून पाहायचा असेल तर एवढ्या मोठ्या पडद्यासारखी सोय नाही.

मुलांच्या अभ्यासात लेखणी महत्त्वाची. रबरी टोकाच्या स्वस्त लेखणीने गणित सोडवता येत नाही. पडद्याला टेकलेला तळहात टॅबने ओळखून वगळायला हवा, आणि त्यासाठी त्या टॅबसाठीच बनलेली लेखणी लागते. सरावाची पद्धतही परीक्षेकडे पाहून ठरवावी. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी संगणकावर, माउस हातात धरून द्यावी लागते. नीट २०२५पर्यंत कागद-पेनानेच झाली. व्याख्याने टॅबवर पाहावीत, उजळणी टॅबवर करावी, पण नीटच्या मुलांनी सराव पेपर कागदावर आणि सीईटीच्या मुलांनी अधूनमधून संगणकावर सोडवावा. ज्या घरात एकाच टॅबवर दोन भावंडांचा अभ्यास चालतो तिथे टॅबमध्ये दोन वेगळी वापरखाती करून द्यावीत, नाहीतर एकाची टिपणे दुसऱ्याच्या हातून पुसली जातात.

मराठी लिहिण्याचे तीन मार्ग आहेत: बोटाने टंकन, बोलून टंकन आणि बाहेरचा कीबोर्ड. गूगलची मराठी बोलून टंकनाची सोय २०१७मध्ये आली आणि पत्र, अहवालाचा कच्चा मसुदा यांसाठी ती खरोखर कामाची आहे. प्रमाण मराठी ती बरी उचलते. ‘जाऊन रायलो’, ‘करून रायली’ ही वऱ्हाडी रूपे बोलली तर ती ओढूनताणून भलतीच उमटतात, म्हणून शेतकऱ्याचे म्हणणे त्याच्याच बोलीत नोंदवणाऱ्याने आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा आणि मागाहून हाताने उतरवावा. बाहेरचा कीबोर्ड घ्यायचा तर तो टॅबला जोडून मराठीची मांडणी मिळते का, हे दुकानातच टाइप करून पाहावे. पडद्यावरच्या कीबोर्डची अक्षरांतराची सोय बाहेरच्या कीबोर्डला मिळेलच असे नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेची तयारी टॅबवर करण्याचा नाद कुणी धरू नये.

आता जिथे टॅब उघडा पडतो त्या कामांकडे. शाळांमध्ये निकालपत्रकाच्या आणि आयकराच्या एक्सेल फाइल एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे फिरत असतात. त्यांतल्या अनेक फाइल मॅक्रोवर चालतात. अँड्रॉइडवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाही. फाइल उघडते, आकडे दिसतात, पण बटण दाबले तरी हालचाल होत नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे १०.१ इंचांपेक्षा मोठ्या पडद्यावर फाइलमध्ये बदल करायला वर्गणी भरावी लागते. मोठा पडदा घेणाऱ्याने हा खर्च आधीच धरावा किंवा गूगल शीट्सकडे वळावे.

जुन्या कार्यालयीन फाइलचे दुखणे वेगळे. श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी योगेश अशा युनिकोडपूर्व फॉन्टमधले पत्र टॅबवर उघडले की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. ती संगणकावर युनिकोडमध्ये बदलून घ्यावी, आणि बदलल्यावर प्रत्येक ओळ मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावी, कारण रफार आणि वेलांट्या जागा सोडतात. उलट दिशेनेही हाच त्रास होतो. टॅबवर रचलेले पत्र झेरॉक्स सेंटरवाल्याला वर्डच्या फाइलमध्ये पाठवले की त्याच्या संगणकावर फॉन्ट बदलतो, ओळी सरकतात, सहीची जागा दुसऱ्या पानावर जाते. छापायला जाणारी गोष्ट नेहमी पीडीएफ करूनच पाठवावी.

डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागणारे काम, म्हणजे ई-निविदा किंवा टोकनने सही करून भरायचे जीएसटी विवरण, टॅबवर होत नाही असेच धरून चालावे. अकोल्यातल्या डाळ मिलचा किंवा अमरावतीतल्या कापड दुकानाचा हिशोब टॅलीत असेल तर तोही संगणकावरच राहणार. ज्याचे निम्मे काम असे आहे त्याने टॅब घेण्याआधी जुना का होईना, लॅपटॉप घ्यावा. यूपीआयसाठी सिमचा टॅब लागतो, कारण नोंदणीचा संदेश त्याच यंत्रातल्या सिमवरून जावा लागतो. व्हॉट्सॲप मात्र सिमशिवायही फोनला जोडून चालते; फोन सलग १४ दिवस वापरला नाही तर ती जोडणी तुटते.

उन्हाळा हा वऱ्हाडातला स्वतंत्र विषय आहे. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि बहुतेक टॅब साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनलेले असतात. उष्णता आणि भरलेली बॅटरी एकत्र आली की बॅटरी लवकर म्हातारी होते. भारनियमनाच्या धास्तीने टॅब रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवण्याची सवय म्हणूनच महागात पडते. ज्या टॅबमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तिथे ती सुरू करावी. दुपारी चार्जिंग टाळावे, पहाटे करावे. टॅब तापला तर कव्हर काढून सावलीत ठेवावा; फ्रीजमध्ये ठेवू नये, आत बाष्प धरते. कूलरच्या थेट झोतातही नको. उभ्या गाडीत, दुचाकीच्या डिक्कीत तो क्षणभरही सोडू नये. मागची बाजू फुगलेली किंवा पडदा कडेने उचललेला दिसला तर चार्जिंग त्याच क्षणी थांबवून दुरुस्तीकडे न्यावे.

धारणी-चिखलदऱ्याकडे जाणाऱ्यांनी नेटच्या भरवशावर राहू नये. मेळघाटातले हरिसाल २०१६मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आले, तरी घाटरस्त्यांवर आणि आतल्या पाड्यांवर रेंज जातेच. लागणाऱ्या फाइल, नकाशे, अर्जाचे नमुने अमरावतीतच ‘ऑफलाइन’ करून घ्यावेत आणि विमान मोड लावून एकदा उघडून पाहावेत.

टॅब पुढे धाकट्या भावंडाला किंवा गिऱ्हाइकाला देताना आधी त्यातले गूगल खाते काढावे, मग तो रीसेट करावा. २०१५मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५.१पासून चोरी रोखण्यासाठी जे कुलूप आहे, त्यामुळे रिकव्हरीतून परस्पर रीसेट केलेला टॅब जुन्या खात्याचा पासवर्ड मागत राहतो आणि नव्या मालकाच्या हाती निरुपयोगी ठरतो. जुना टॅब विकत घेणाऱ्याने तो दुकानातच सुरू करून, स्वतःचे खाते घालून, मुखपृष्ठ दिसल्यावरच पैसे मोजावेत.