बॅग भरून बघ, मग घे

पोरी, नोकरी लागली म्हणून रोजच्या प्रवासाला नवी बॅग घ्यायची म्हणतेस. जरूर घे. पण दुकानात जाताना घरून पाण्याची भरलेली बाटली, जेवणाचा डबा, छत्री आणि फोनचा चार्जर एका कापडी पिशवीत घालून ने. दुकानात टांगलेली बॅग कागदाचे बोळे कोंबून फुगवलेली असते, ती खांद्याला अडकवली की कुणालाही हलकीच वाटणार. दुकानदाराला बोळे काढायला सांग, आपलं सामान भर आणि रस्त्यावर पन्नास पावलं चालून ये. मग स्टुलावर बस, बॅग मांडीवर घे आणि एका हाताने चेन उघडून डबा बाहेर काढून बघ. एवढं करू देत नाहीत त्या दुकानातून बॅग घेऊच नकोस.

हे मी ऐकीव सांगत नाही. एसटीत कंडक्टर होतो तेव्हा तीसेक वर्षं माझ्या अंगावर बॅग होती. जाड चामड्याची, आत नोटांचा कप्पा वेगळा, चिल्लरीचा वेगळा, वर दुमडून पडणारं झाकण. डाव्या खांद्यावरून पट्टा आडवा घ्यायचा आणि बॅग पोटाशी ठेवायची. महाडहून नाते, पाचाड करत गाडी परत येईपर्यंत चिल्लरीचं ओझं खांद्यात उतरलेलं असायचं. त्यात भरणा करताना रक्कम कमी भरली तर ती आपल्या खिशातून घालावी लागायची. म्हणून बॅग कशी वागवायची हे आम्हाला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकावं लागलं. मला शिकवलं ते पोलादपूरकडच्या एका जुन्या कंडक्टरांनी. त्यांना सगळे मामाच म्हणायचे. मामांचं सांगणं तीन गोष्टींत संपायचं: पट्टा तीन बोटं रुंद हवा, बॅग नजरेसमोर हवी आणि हात बॅगेतून निघाला की झाकणावर हवा.

पट्ट्याचं आधी सांगतो, कारण सगळं ओझं तिथेच लटकतं. दोरीसारखा बारीक पट्टा दिसायला नाजूक दिसतो, पण तासाभरात मानेशी रुततो. तीन बोटं रुंद असला की तेवढंच वजन खांद्यावर पसरतं. पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथली शिवण उलटून बघ. चौकोन घालून मधे फुली मारलेली टीप असली तर ती टिकते. एकाच रेषेत टीप मारलेली असली तर आज ना उद्या उसवणार. बक्कल प्लास्टिकचं असेल तर अंगठ्याने दाबून बघ. आणि पट्टा इतका आखूड कर की बॅग कमरेच्या वर राहील. मांडीवर आपटत राहणारी बॅग चालणाऱ्याला दमवते. मामा दर फेरीला खांदा बदलायचे, जाताना डावा तर येताना उजवा. मला ती सवय उशिरा लागली, म्हणून माझा डावा खांदा अजून पावसाळ्यात दुखतो. तू पहिल्या दिवसापासून बदल.

आता नजरेसमोरचं. एका स्टँडवर गाडी लागली होती आणि दाराशी रेटारेटी चालली होती. एक म्हातारी चढली. कापडी पिशवी खांद्याला, पण पाठीमागे गेलेली. गाडी सुटल्यावर मी तिकिटाला तिच्यापाशी गेलो. तिने पैसे काढायला पिशवीत हात घातला आणि तिची बोटं पिशवीच्या तळातून बाहेर आली. पट्टी धरून कापावं तसा सरळ काप होता, ब्लेडचा. लेकीच्या बाळंतपणासाठी नेत असलेले पैसे त्या पिशवीत होते. ती ओरडली नाही, नुसती त्या कापातून बाहेर आलेल्या बोटांकडे बघत बसली. गाडीतल्या माणसांनी वर्गणी काढली, पण गेलेलं ते भरून निघालं नाही. त्या दिवसापासून पाठीवर पिशवी टाकून कुणी गाडीत चढताना दिसलं की मी ओरडायचो, "पुढे घ्या, पिशवी पुढे घ्या." तुझ्या लोकलच्या गर्दीत तर सॅकसुद्धा पोटाशीच घ्यायची. तळाचं कापड दुहेरी आहे का तेही चिमटीत धरून बघ. दुकानात तळ कुणी बघत नाही.

चेनचं एक बारीक आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. बॅग आडवी अडकवलीस की चेन बंद झाल्यावर तिचं टोक तुझ्या पुढच्या बाजूला आलं पाहिजे. ते काखेमागे गेलं तर मागचा माणूस दोन बोटांनी चेन सरकवेल आणि तुला कळणारही नाही. काही बॅगा डाव्या खांद्याला नीट बसतात तर काही उजव्याला, ते अडकवल्याशिवाय समजत नाही. चेन कोपऱ्यावर दहादा फिरवून बघ. आपल्या हवेत लोखंडी चेन दोन पावसाळ्यांत गंजते, नायलॉनची बरी. अडखळायला लागली तर मेणबत्ती घासायची, तेल नाही. तेलाने धूळ धरते.

रविवारी मैत्रिणींना घेऊन गडावर जायचं म्हणतेस ना, तिथे मात्र ही एका खांद्याची बॅग घरी ठेव. रायगडाला चौदाशेहून जास्त पायऱ्या आहेत. वाकून पाऊल टाकलं की आडवी बॅग पुढे झोकांडते आणि माणसाचा तोल घेऊन जाते, उतरताना जास्तच. तिथे दोन पट्ट्यांची छोटी सॅक घे, दोन्ही हात मोकळे ठेव. जड वस्तू तळाला कोंबू नकोस, पाठीला चिकटून आणि मधोमध ठेव. हिरकणीवाडीहून १९९६ पासून रोपवे आहे, पण वर गेल्यावर उन्हात हिंडावं लागतंच. पाणी भरपूर घे आणि बाकीचं कमी कर. शाळेच्या मुलांसाठी २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड दप्तर नको असं म्हटलं आहे. मोठ्यांनीही तेच माप धरावं असं मला वाटतं.

पावसाचं तुला काय सांगायचं, तू इथलीच. २०२१ च्या जुलैत सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आपल्या पाहुण्यांच्या कपाटातल्या कागदांचा लगदा झालेला तू पाहिलास. बॅगेवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी पाणी शिवणीतून आणि चेनमधून शिरतं. सॅकला वरून कव्हर घातलं तरी पाठीवरून ओघळणारं पाणी आतल्या बाजूने जातंच. म्हणून बॅगेच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी कायमची ठेव, आणि कागद त्याच्याही आत तोंड दाबून बंद होणाऱ्या पाकिटात. घरी आल्यावर बॅग रिकामी करून उलटी टांगायची. चामड्याची असेल तर आत वर्तमानपत्र कोंबायचं, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते. चामड्यापेक्षा आपल्याकडे जाड नायलॉनच बरं, असं माझं मत आहे.

पैसे एका जागी कधीच नकोत. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. गावी येताना गाठीचे पैसे ते सदऱ्याखाली कमरेला बांधलेल्या कशात ठेवायचे, आणि वाटखर्चाचे तेवढे खिशात. खिसा कापला गेला तरी घर बुडत नसे. माझी आई कनवटीला लावायची. तू तिकिटापुरते पैसे पुढच्या छोट्या कप्प्यात ठेव, म्हणजे चारचौघांत मोठी बॅग उघडावी लागणार नाही. बाकीचे पाठीकडच्या चोरकप्प्यात. चिंतामणराव देशमुख १८९६ साली आपल्या नाते गावात जन्मले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांची सही नोटेवर आली. त्यांच्या गावच्या पोरीला नोट जपून ठेवता आलीच पाहिजे.

ओळखपत्राला मात्र चोरकप्पा नको. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, पण कार्ड दाखवावं लागतं. गाडी हलत असते, कंडक्टर उभा असतो आणि माझ्या वयाची माणसं बॅगेच्या तळाशी कार्ड शोधत बसतात. त्या कंडक्टरची घाई मला माहीत आहे. कार्ड हाताशी येईल अशाच कप्प्यात असावं.

गाडीत बसलीस की बॅग वरच्या फळीवर टाकू नकोस. कशेडीच्या वळणावर फळीवरची किती सामानं खाली आली ते मी डोळ्यांनी बघितलंय. पायाशीही नको, डुलकी लागली की ती सरकत सरकत तीन सीटा मागे जाते. मांडीवर घे, पट्टा मनगटाला एक वेढा देऊन धर, खिडकीकडच्या बाजूला फोन ठेवू नकोस.

माझी ती चामड्याची बॅग निवृत्तीच्या दिवशी डेपोत जमा केली, नाहीतर तुला दाखवली असती. तू बॅग घेतलीस की शनिवारी डबा-बाटली भरून घरी घेऊन ये. पट्टा किती आखूड करायचा ते मी तुझ्या खांद्यावर बसवून देतो.