अंगण आणि आकाश

जळगाव-धुळ्याचा उन्हाळा तुम्ही जाणताच. जुन्या धाब्याच्या घरांत जाड मातीच्या भिंती आणि मोकळे अंगण यांमुळे गारवा राही. आता अनेक ठिकाणी अंगणावरही स्लॅब पडतो आणि घर भट्टीसारखे तापते.

या अंगणाचे मोल जाणणारे वास्तुविशारद म्हणजे चार्ल्स कोरिया. त्यांचा जन्म १९३० साली सिकंदराबाद येथे एका गोवेकर कुटुंबात झाला. उष्ण प्रदेशात मोकळे आकाश हाही घराचाच भाग आहे, असे ते मानत. अहमदाबादच्या गांधी संग्रहालयाची (१९६३) दालने त्यांनी अंगणाभोवती रचली. नवी मुंबईत बेलापूर येथे त्यांनी सात-सात घरे एकेका अंगणाभोवती मांडली. भिंती सामाईक ठेवल्या नाहीत, म्हणजे ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावे.

लिस्बनच्या ज्या नदीकाठावरून १४९७ साली वास्को द गामा भारताकडे निघाला, तेथेच कोरियांच्या आराखड्याप्रमाणे २०१० साली एक मोठे संशोधन केंद्र उभे राहिले. पोर्तुगीजांनी गोव्यात इमारती बांधल्या होत्या. आता गोवेकराने पोर्तुगालला इमारत दिली. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

'इमारत' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. घर बांधताना एवढे आठवा : थोडे आकाशही घरात असू द्यावे.