वेळापत्रक मुलाच्या हाती द्या

पालकहो,

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेतून चौथी पास होऊन तुमचं मूल यंदा हायस्कूलच्या पाचवीत आलं. गणवेश शिवून झाला, वह्यांना कव्हरं घातली, दाखला जमा झाला. आता पाचवीची वर्गशिक्षिका म्हणून चार गोष्टी मोकळेपणाने बोलते.

जूनमध्ये पालक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, गणित-इंग्रजीला क्लास लावू का?" मी सांगते, दिवाळीपर्यंत थांबा. पाचवीत आलेलं मूल सुरुवातीला अडखळतं ते बहुतेक वेळा शाळेची रीत बदलल्यामुळे. ती अंगवळणी पडायला क्लास उपयोगाचा नाही, तिथे तुम्हीच हवेत.

रीत किती बदलते बघा. चौथीपर्यंत सगळे विषय एकच बाई किंवा गुरुजी शिकवायचे. कोणाला फळ्यावरचं नीट दिसत नाही, कोण डबा तसाच परत नेतं, हे त्यांना न सांगता कळायचं. इथे पस्तीस-चाळीस मिनिटांनी घंटा होते आणि शिक्षक बदलतात. गणिताच्या सरांनी किती गृहपाठ दिला हे विज्ञानाच्या मॅडमना ठाऊक नसतं. एकाला दोनशे पानी वही हवी, दुसऱ्याला चौकटीची. मराठी शाळेतल्या मुलांना हिंदी हा विषय नवा. शिवाय चौथीत शाळेतलं सगळ्यात मोठं असलेलं मूल इथे दहावीच्या दांडग्या मुलांसमोर एकदम सगळ्यात लहान होतं.

याचा ताण दप्तरात दिसतो. जुलैमध्ये एखाद्या मुलाचं दप्तर उघडावं तर आत सगळ्या विषयांची सगळी पुस्तकं, वह्या, चित्रकलेची वही, कंपासपेटी, वर दोन जाड रजिस्टरं. "एवढं कशाला आणलंस?" म्हटलं की उत्तर येतं, "काही राहिलं तर सर ओरडतील." दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. म्हणजे तीस किलोच्या मुलाच्या पाठीवर तीन किलो, त्याहून जास्त नाही. हे ओझं उतरवायचा उपाय घरातच आहे. वेळापत्रक मुलाच्या हाताने मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि त्याच्या उंचीला येईल असं भिंतीवर लावा. पहिला आठवडा रात्री शेजारी बसून दोघांनी मिळून दप्तर भरा. दुसऱ्या आठवड्यात त्याने भरावं, तुम्ही नजर टाकावी. तिसऱ्या आठवड्यापासून हात लावू नका. एखाद्या दिवशी हिंदीची वही घरी राहील. ती घेऊन शाळेच्या फाटकाशी धावत येऊ नका. त्या दिवशी ते शेजाऱ्याकडून पान मागून घेईल, थोडी बोलणी खाईल आणि पुढच्या वेळी आपणहून वेळापत्रक बघेल.

सेमी इंग्रजीचा निर्णयही याच वेळी येतो. 'सगळे घेतात' म्हणून घेऊ नका. मराठीतून अपूर्णांक उत्तम सोडवणारं मूल 'न्यूमरेटर' आणि 'डिनॉमिनेटर' ऐकून गप्प बसतं, कारण त्याच्या ओळखीचे अंश आणि छेद त्याला त्या शब्दांत दिसत नाहीत. सेमी घेतलंच असेल तर गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर इंग्रजी शब्द आणि समोर मराठी शब्द अशी यादी त्याला करायला लावा. रोज चार-पाच शब्द पुरे. दिवाळीनंतरही ते गणित घोकायलाच लागलं, तर माध्यमाबद्दल आमच्याशी बोला. त्यात कमीपणा काही नाही.

संध्याकाळी "आज काय शिकवलं?" विचारलंत की "काही नाही" एवढंच हाती लागतं. त्याऐवजी विचारा, "मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खाल्लास?" या एका प्रश्नातून बरंच कळतं. महिना झाला तरी एकही नाव येत नसेल, तर मला येऊन सांगा, मी बसायची जागा बदलते, गटात घेते. पाण्याची बाटलीही बघत जा. ती रोज भरलेली परत येत असेल, तर मूल शाळेतलं स्वच्छतागृह टाळण्यासाठी पाणी पीत नाही असं समजा. मुली हे फार करतात आणि बोलत नाहीत. ही तक्रार हक्काने शाळेकडे करा.

मुलींच्या आयांना आणखी एक सांगणं. पाचवी ते सातवीच्या काळात अनेक मुलींना पाळी सुरू होते. ती वर्गात पहिल्यांदा आली आणि मुलीला काहीच माहीत नसलं, तर ती पुरती घाबरून जाते. आधीच शांतपणे समजावून सांगा. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड आणि जादा निकर ठेवा, आणि अशा वेळी शाळेत कोणत्या मॅडमकडे जायचं हे ठरवून द्या. घरात आई नसेल, तर आजी, आत्या, मावशी यांच्यापैकी कोणीतरी हे काम करायलाच हवं.

गावाहून येणाऱ्यांनी एसटीचा पास पहिल्याच आठवड्यात काढावा. पाचवीपासून मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून तो मोफत मिळतो. पहिले काही दिवस सोबत या, आणि गाडी चुकली तर कुठे थांबायचं, कोणाच्या फोनवरून घरी कळवायचं, हे प्रत्यक्ष जागेवर दाखवा.

पहिल्या घटक चाचणीत गुण घसरले तर चुलतभावाचा किंवा शेजारच्या मुलीचा दाखला देऊ नका. पाचवीला वार्षिक परीक्षा असते हे खरं, पण कमी पडणाऱ्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी मिळते. म्हणून जूनपासूनच नापासाची भीती घालायचं कारण नाही.

मात्र रविवारी हुंदडणारं मूल सोमवारी सकाळी पोटात दुखतंय म्हणू लागलं आणि असं वारंवार होऊ लागलं, तर ते नाटक समजू नका. कोणी मोठा मुलगा त्रास देत असेल, कोणा शिक्षकाची धास्ती बसली असेल. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायलाही बंदी आहे आणि त्यांचा मानसिक छळ करायलाही. संकोच न करता वर्गशिक्षकांना भेटा, तिथे दाद मिळाली नाही तर मुख्याध्यापकांना भेटा. त्यासाठी पालकसभेची वाट बघू नका.

चौथीतल्या बाईंइतकं तुमचं मूल ओळखायला मला वेळ लागेल, कारण माझ्यासमोर साठ मुलं आहेत. तुम्ही ते दहा वर्षं ओळखता. म्हणून जूनमध्येच एकदा या आणि ते कशाला घाबरतं, कशात रमतं, हे मला सांगा. बाकीचं आपण मिळून बघू.